गैरसोय नव्हे, अन्यायच

डोंबिवलीला सकाळी गच्च भरलेली लोकल डोळ्यांसमोरून निघून गेली की फलाटावर कोणीतरी म्हणतेच, "हा अन्याय आहे!" त्यावर जाणत्यांचा आक्षेप ठरलेला: अन्याय हा कोर्टाचा शब्द. गर्दीला गैरसोय म्हणा. उठसूट वापरून शब्द बोथट करू नका.

प्रत्येक त्रास अन्याय नसतो, एवढे मान्य. धुक्यामुळे गाडी अर्धा तास रखडली, तर ती गैरसोयच. धुक्याला जाब कोण विचारणार?

पण अन्याय हा केवळ कोर्टाचा शब्द, हे साफ चूक. न्याय म्हणजे रीत, नियमसुद्धा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते त्या काकतालीय न्यायात किंवा शितावरून भाताची परीक्षा होते त्या स्थालीपुलाक न्यायात न्यायाधीश कुठे असतो? दोघा भावंडांत एकाच्या हातावर अर्धाच लाडू पडला, की ते पोर अन्याय म्हणते आणि शब्द अगदी बरोबर वापरते. जुन्या मराठीत तर अन्याय म्हणजे अपराध. आपले अन्याय पोटात घालावेत, अशी भक्त देवाला विनवणी करत. शब्दातच करणारा आहे. गैरसोय नुसती 'होते'. अन्याय कोणीतरी 'करतो'.

म्हणूनच "गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" ही उद्घोषणा मला खुपते. दिवा स्थानकाच्या प्रवाशाने पासाचे पैसे आगाऊ मोजलेले असतात. तरी कल्याणहून भरून आलेल्या गाडीत त्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. त्याच दिवशी रेल्वेने आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा केली. म्हणजे उपाय माणसाच्या हातात होता! मग तोवरच्या दिरंगाईला गैरसोय कसे म्हणायचे? गर्दी वाढवणाऱ्या इमारतींना परवानग्या कोणी दिल्या, त्या प्रमाणात गाड्या का वाढल्या नाहीत, यामागचे निर्णय सह्यांनिशी कागदावर आहेत.

तेव्हा शब्द जपूनच वापरावा, पण घाबरून टाकू नये. कोणती रीत मोडली आणि कोणी मोडली, या दोन प्रश्नांना उत्तर असेल तर बेधडक अन्याय म्हणावे. गैरसोयीची बोळवण दिलगिरीवर होते. अन्यायाचे निवारण करावे लागते, आणि ते कोणी करायचे हेही सांगावे लागते.