विश्लेषण : दुसरा प्रकाश पडताच ‘बंद’ होणारे रेणू चिपनिर्मिती बदलतील?

जुलै 2019 मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि तिथल्या बलाढ्य चिप कंपन्यांची धावपळ उडाली. त्यातले एक रसायन होते फोटोरेझिस्ट. चिपचा विषय निघाला की आपल्याकडे बोलले जाते ते यंत्रांबद्दल, कारखान्यांच्या जमिनीबद्दल आणि अनुदानाबद्दल. बाटलीतल्या या द्रवाचे नाव क्वचितच निघते. चिपवरची रेघ आणखी बारीक करण्याची एक वेगळी वाट मात्र याच द्रवातून जाते.

फोटोरेझिस्ट काय करते?

सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, फोटोरेझिस्टचा पातळ थर पसरतात आणि त्यावर नक्षीच्या आकारात प्रकाश टाकतात. प्रकाश पडलेल्या भागाचे रसायन बदलते. मग धुताना एक भाग निघून जातो, दुसरा टिकतो आणि उरलेल्या नक्षीनुसार खाली कोरकाम होते. कॉलेजात ज्यांनी फेरिक क्लोराइडमध्ये हात पिवळे करून पीसीबी बनवला असेल, त्यांनी याच तंत्राचा थोरला भाऊ पाहिला आहे.

अडचण प्रकाशाचीच आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्येच दाखवले होते की, प्रकाशाचा ठिपका त्याच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान करता येत नाही. यावर उद्योगाने सरळ उपाय शोधला : तरंगलांबीच कमी करा. आधी 193 नॅनोमीटर, मग 13.5 नॅनोमीटरचा ‘ईयूव्ही’ प्रकाश. पण हा प्रकाश हवेतही शोषला जातो, काचेतून जात नाही. त्यामुळे सगळा खेळ निर्वात पोकळीत आणि आरशांवर. ही यंत्रे बनवणारी कंपनी जगात एकच, नेदरलँड्सची एएसएमएल. एका यंत्राची किंमत हजार कोटी रुपयांहून अधिक आणि चीनला ते विकायला परवानगी नाही.

मग रेणू काय करणार?

उन्हात काळा आणि घरात आल्यावर पुन्हा पांढरा होणारा चष्मा आठवा. त्याच्या काचेतले रेणू प्रकाशाने आपला आकार बदलतात आणि नंतर मूळ रूपात परततात. असे काही रेणू एका रंगाच्या प्रकाशाने ‘चालू’ आणि दुसऱ्या रंगाने ‘बंद’ करता येतात. स्पायरोपायरन, अझोबेंझीन, डायअरीलइथीन ही त्यांची घराणी.

जाड खडूने रेघ मारा आणि दोन्ही कडा बोटाने पुसा. मध्ये उरते ती बारीक रेघ. इथेही तेच होते. पहिला प्रकाश रेणूंना चालू करतो. दुसऱ्या प्रकाशाचा झोत मेदूवड्यासारखा असतो, मध्ये अंधार आणि भोवती कडे. कडे पडते तिथले रेणू बंद होतात. चालू राहतात ते फक्त मधल्या भोकातले. दुसरा झोत जितका प्रखर, तितके भोक लहान. आबे यांचा नियम मोडत नाही. प्रकाश जाडच राहतो, रेणूंचा प्रतिसाद तेवढा अरुंद होतो. सूक्ष्मदर्शकात हीच कल्पना वापरल्याबद्दल स्टेफान हेल यांना 2014 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

लिथोग्राफीत याचा मोठा पुरावा 2009 मध्ये आला. अमेरिकेतील एमआयटीमध्ये राजेश मेनन आणि सहकाऱ्यांनी फोटोरेझिस्टवर डायअरीलइथीनचा थर दिला. 325 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने तो पारदर्शक होई, लाल प्रकाशाने पुन्हा अपारदर्शक. लाल पट्ट्यांमधल्या अंधाऱ्या फटींतूनच अतिनील प्रकाश खाली उतरला आणि सरासरी 36 नॅनोमीटर रुंदीच्या रेघा उमटल्या. म्हणजे तरंगलांबीच्या जवळपास एक नवमांश! त्याच वर्षी मेरीलँड विद्यापीठातील जॉन फोर्कस यांच्या गटाने 800 नॅनोमीटरच्या प्रकाशाने 40 नॅनोमीटर जाडीची रचना करून दाखवली.

खरी परीक्षा दोन रेघांची

अशा बातम्यांत रेघेची रुंदी ठळक छापली जाते. मला विचाराल तर तो आकडा अर्धवट आहे. एकटी रेघ बारीक करणे तुलनेने सोपे, प्रकाश जरा कमी दिला तरी ती बारीक येते. चिपसाठी प्रश्न असतो शेजारची रेघ किती जवळ आणता येईल, हा. साधे फोटोरेझिस्ट आपल्यावर पडलेला प्रत्येक प्रकाशकण लक्षात ठेवते. पहिल्या रेघेच्या वेळी आजूबाजूला सांडलेला प्रकाश आणि दुसरीच्या वेळी सांडलेला प्रकाश यांची बेरीज होते आणि मधली जागा भरून जाते. बंद होणारा रेणू हे विसरतो, म्हणून त्याचे महत्त्व.

पण तो पूर्ण विसरायला हवा आणि अडते तिथेच. काही रेणू अर्धवट बंद होतात. बंद करणारा प्रकाशच कधी कधी थोडे चालूही करतो. दर फेरीला काही रेणू कायमचे खराब होतात. डायअरीलइथीनचे काही प्रकार हजारो फेऱ्या टिकतात, सगळ्यांचे तसे नाही. वेगाचा प्रश्न तर आहेच. ईयूव्ही यंत्र तासाला दीडशेहून अधिक वेफर छापते, लेझरचा एक ठिपका मात्र बिंदू बिंदू गिरवत बसतो. त्यामुळे ‘ईयूव्हीला पर्याय सापडला’ असे मथळे सध्या तरी बाजूला ठेवावेत.

उपयोग आज दिसतो तो सूक्ष्म त्रिमितीय छपाईत. जर्मनीतील कार्ल्सरुह येथील मार्टिन वेगेनर यांच्या गटाने 2021 मध्ये महागड्या फेम्टोसेकंद लेझरऐवजी 405 नॅनोमीटरचा छोटा लेझर डायोड वापरून अशी छपाई केली. त्यातला रेणू पहिल्या प्रकाशाने मधल्या पायरीवर थांबतो. तेवढ्यात दुसरा प्रकाशकण मिळाला तरच पुढे जातो, नाहीतर परत फिरतो. यंत्र स्वस्त झाले ते रेणू बदलल्यामुळे.

भारतासाठी हा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसीसोबत 91 हजार कोटी रुपयांचा कारखाना उभारत आहे. ईयूव्ही यंत्र बनवण्याची स्पर्धा आपल्या आवाक्याबाहेर आहे. रेणू बनवणे मात्र तसे नाही. अझोबेंझीन हे आपल्या रंगउद्योगात वर्षानुवर्षे बनणाऱ्या अझो रंगांचेच भावंड आणि पॉलिमरवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे काम जुने आहे. अडसर शुद्धतेचा. कापडाच्या रंगात चालून जाणारा धातूचा अंश चिपच्या फोटोरेझिस्टमध्ये अब्जात काही भागांपुरताच चालतो. तिथपर्यंत पोहोचायला चाचणीची साधने, स्वच्छ कक्ष आणि नमुना तपासून देणारा चिप कारखाना, तिन्ही लागतात. त्यातला कारखाना आता बांधला जातोय.