बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी महिला बँक का चालवत नाही? परभणीसाठी म्हसवडचा धडा

परभणी जिल्ह्यातल्या गावागावांत बचत गट आहेत. ठरलेल्या दिवशी बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची नोंद ही पंचसूत्री गटातल्या महिलांना तोंडपाठ असते. बँकेचे मूळ काम तरी दुसरे काय असते? मग कर्ज मंजूर करणाऱ्या खुर्चीत महिला इतकी कमी का दिसते?

‘बायकांना पैशातले कळत नाही’ हे उत्तर खोटे आहे. कर्ज फेडण्यासाठी महिलेवर विश्वास ठेवला जातो, पण कर्ज कुणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी ठेवला जात नाही. खरी अडचण ही आहे.

म्हसवडमध्ये काय घडले?

सातारा जिल्ह्यातला माण तालुका. दुष्काळ तिथेही मराठवाड्याइतकाच ओळखीचा. रस्त्याकडेला काम करून तिथेच संसार मांडलेल्या एका महिलेला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते, पण इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला बँका तयार नव्हत्या.

चेतना गाला सिन्हा यांनी मग महिलांचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण, प्रवर्तक महिलांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या साक्षरता वर्गाला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. आम्हाला मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही कॅल्क्युलेटर न वापरता काढावे, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीत सिन्हा सहअध्यक्ष होत्या.

महिला निर्णयाच्या जागी आल्यावर बँकेचा कारभारही बदलला. रोजंदारी बुडवून शाखेत येणे परवडत नाही, म्हणून बँक दारापर्यंत गेली. पिन कुणीही मागून घेईल, अंगठा कोण नेणार, असे खातेदार महिलांनी सुचवले. ज्या अंगठ्यामुळे अर्ज अडला होता, तोच पुढे व्यवहाराची किल्ली झाला.

नोकरीतून वर जाण्याचा मार्ग कसा असतो?

प्रत्येकीने नवी बँक काढायची गरज नाही. परभणीत कृषी विद्यापीठ आहे. कृषी पदवीधर मुलीला आयबीपीएसच्या परीक्षेतून कृषी क्षेत्र अधिकारी होता येते. इतर पदवीधरांसाठी प्रोबेशनरी ऑफिसरची परीक्षा आहे. दोन्ही पदे स्केल १ ची. त्यापुढे मॅनेजर, सीनियर मॅनेजर, चीफ मॅनेजर, सहायक महाव्यवस्थापक, उपमहाव्यवस्थापक, महाव्यवस्थापक आणि सर्वांत वर कार्यकारी संचालक व व्यवस्थापकीय संचालक.

अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून स्टेट बँकेत लागल्या आणि २०१३ मध्ये त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. या प्रवासाला ३६ वर्षे लागली.

गळती कुठे होते?

परीक्षेत नाही, तर मधल्या टप्प्यावर. वर जायचे तर शाखा सांभाळावी लागते, कर्जवाटपाचा अनुभव लागतो आणि त्यासाठी बदली घ्यावी लागते. नेमक्या त्याच वयात मुले लहान असतात, घरात वडीलधाऱ्यांचे आजारपण असते. नवऱ्याची बदली झाली की घर हलते. बायकोची झाली की ‘प्रमोशन नको म्हणून कळव’ असा सल्ला मिळतो. एकदा नाकारलेली बढती पुढच्या सगळ्या पायऱ्या लांबवते.

भट्टाचार्य यांनी स्टेट बँकेत बालसंगोपन व कुटुंबाच्या देखभालीसाठी महिलांना दोन वर्षांपर्यंतची रजा देणारे धोरण आणले. अशी रजा चांगलीच, पण परतल्यावर मोठ्या शाखेची जबाबदारी मिळाली तरच तिचा उपयोग.

कायदा पुरेसा आहे का?

राज्याच्या सहकार कायद्यात संस्थेच्या समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांत किमान एक स्वतंत्र महिला संचालक लागते. यामुळे खुर्ची मिळते. पण नाव तिचे आणि कारभार घरातल्या पुरुषाचा असेल, तर राखीव जागा फक्त सहीपुरती उरते.

मग काय करायला हवे?

* पतसंस्था आणि सहकारी बँकांनी महिला संचालकांना कर्ज समितीवर घ्यावे.
* बँकांनी महिला अधिकाऱ्यांना ठेवी आणि काउंटरपुरते न ठेवता कर्ज विभागात लवकर पाठवावे.
* घरच्यांनी मुलीच्या पहिल्या नोकरीचे पेढे वाटावेत, तसेच तिच्या दहाव्या वर्षीच्या बदलीची बॅगही भरून द्यावी.

सातबारावर नाव नसलेली शेतकरी महिला खरिपाच्या तोंडावर बँकेच्या दारात उभी राहते, तेव्हा नियम कुणी आणि कुणाचा विचार करून केले हे तिला लगेच कळते. जिंतूरची किंवा गंगाखेडची मुलगी त्या नियमांच्या टेबलापर्यंत पोहोचणे हा तिच्या एकटीच्या करिअरचा प्रश्न नाही. रांगेतल्या त्या बाईचाही तो प्रश्न आहे.