नवी सिंधुबंदी

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणक यंत्रणेत चोर शिरले आणि काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये उपसले गेले. देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी बँकांमधल्या ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेच्या मार्गाने जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात जाऊन पडले. एकूण ९४ कोटींचा दरोडा. १९०६ साली उभ्या राहिलेल्या, सर्वसामान्यांच्या ठेवींवर चालणाऱ्या सहकारी बँकेवरचा. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. कोण होते हे ११ जण? बहुतेक सारे बनावट कार्डे घेऊन एटीएमच्या रांगेत उभे राहिलेले भाडोत्री. म्हणजे चोरीच्या मालाचे हमाल. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने या दरोड्यासाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. पुणे पोलिसांचा हात मात्र देशाच्या वेशीशी थांबला. त्यात पोलिसांचा दोष थोडा. दोष आहे तो त्यांना वेस ओलांडू न देणाऱ्या धोरणाचा, आणि त्याबद्दल दिल्लीतल्या कोणाला अद्याप शरम वाटलेली दिसत नाही.

एकेकाळी या देशात समुद्र ओलांडणे पाप होते. विलायतेहून परतलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाहीतर पंगतीतून उठवले जाई. त्या सिंधुबंदीने परकीयांची गलबते कधी अडली नाहीत. अडले ते फक्त आपण. सुधारकांनी ती खुळी रूढी मोडायला पिढ्या घालवल्या. आज तीच रूढी ‘सार्वभौमत्व’ हे सोवळे नेसून गृह आणि परराष्ट्र मंत्रालयात बसली आहे.

पुरावा हवा? सायबर गुन्ह्यांविरुद्धचा बुडापेस्ट करार २००१ चा. पुराव्याची देवाणघेवाण, डेटा गोठवण्याची तातडीची विनंती, चोवीस तास उघडे असणारे संपर्ककेंद्र ही सारी सोय त्यात आहे. जपान त्यात आहे, फिलिपाइन्स आहे, २०१५ पासून आपला चिमुकला शेजारी श्रीलंकाही आहे. भारत नाही. कारण काय, तर मसुदा करताना आम्हाला विचारले नव्हते आणि त्यातल्या एका कलमामुळे परकी पोलीस आमच्या डेटाला हात लावतील. बरे, हे मान्य करू. मग २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नव्या कराराचा ठराव आला, त्याच्या बाजूने भारताने मत दिले. पुढच्या वाटाघाटींत आपले प्रतिनिधी पाच वर्षे बसले. २४ डिसेंबर २०२४ रोजी आमसभेने तो करार स्वीकारला. या वेळी तर आपल्याला विचारले होते ना! ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत साठहून अधिक देशांनी सह्या केल्या. चीनने केली, रशियाने केली, ब्रिटनने आणि युरोपीय संघानेही केली. सह्यांच्या त्या यादीत भारत नव्हता. लग्न ठरवायच्या बैठकीला पाच वर्षे हजर आणि अक्षता टाकायच्या वेळी मांडवाबाहेर, असा हा पाहुणा!

या करारात खोट नाही असे आमचे म्हणणे नाही. चार किंवा अधिक वर्षांची शिक्षा असलेला कोणताही गुन्हा ‘गंभीर’ मानून त्याच्यासाठी परदेशातून इलेक्ट्रॉनिक पुरावा मागण्याची मुभा त्यात आहे. उद्या एखादा हुकूमशहा या कलमाच्या आडून परागंदा झालेल्या पत्रकाराच्या मागे लागेल, ही मानवी हक्कवाल्यांची भीती खरी आहे. पण आमचे सरकार या भीतीपोटी बाहेर राहिले असे कोणी सांगू लागले तर हसू आवरणार नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले, ऑनलाइन मजकुरासाठी अटकेची मुभा देणारे कलम ‘६६ अ’ रद्द केले, तरी त्याखाली पुढे कित्येक वर्षे गुन्हे नोंदले जात होते. असल्या राज्यव्यवस्थेने नागरी स्वातंत्र्याचा कैवार घ्यावा!

दरम्यान जनतेचे काय झाले? गृहखात्याचेच आकडे घ्या. सायबर ठगांनी २०२३ मध्ये भारतीयांचे ७,४६५ कोटी रुपये लुबाडले. २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. निवृत्त शिक्षक, विधवा, डॉक्टर, बँकेतून आयुष्यभराची पुंजी काढून देणारे आजोबा, हे त्या आकड्यातले लोक. फोन येतो, पलीकडे खाकी गणवेश दिसतो, ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे’ असे सांगितले जाते आणि शिकलासवरला माणूस दोन-दोन दिवस कॅमेऱ्यासमोरून हलत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितले की असली अटक कायद्यात नाहीच. पुढे कित्येक महिने फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांचा सावधगिरीचा इशारा ऐकावा लागे. ठीक आहे. पण लोक फसतात ते अडाणी म्हणून नव्हे. खरा पोलीसही कागद न दाखवता दरडावतो, वकील बोलवू देत नाही, ‘आत टाकीन’ म्हणतो, हे या देशातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ठगाचे नाटक खपते ते अस्सल प्रयोग रोज ठाण्यात चालू असतो म्हणून. जनतेला शहाणे करायला निघालेल्यांनी आधी ठाणी शहाणी करावीत.

आणि फोन करणारा तो खाकी गणवेशवाला तरी कोण? अनेकदा तोही आपलाच पोरगा. थायलंड-म्यानमार सीमेवर मोई नदीकाठी म्यावाडी नावाचे गाव आहे. तिथल्या तारकुंपणाआडच्या वसाहतींत हजारो तरुणांना डांबून त्यांच्याकडून ही ठगी करून घेतली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये दिलेला अंदाज असा : म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे या गुलामगिरीत. डेटा एंट्रीची नोकरी, बँकॉकचे तिकीट, मग पासपोर्ट जप्त, मार आणि रोजचे लक्ष्य. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात पर्यटक व्हिसावर कंबोडिया, थायलंड, म्यानमार, व्हिएतनामला गेलेले २९,४६६ भारतीय परतलेच नव्हते. त्यांत पंजाबपाठोपाठ महाराष्ट्राचा नंबर. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ जणांना परत आणले. चांगले केले. पण त्यांना तिथे पाठवणारे एजंट इथल्याच गल्ल्यांत दुकान मांडून बसले होते, आणि त्यांचा वरचा मालक कोणत्या देशात आहे हे शोधायला आमच्या पोलिसांकडे साधन काय? पत्रव्यवहार!

हा पत्रव्यवहार कसा चालतो ते वाचकांनी जरूर समजून घ्यावे. ठाण्यातला अधिकारी प्रस्ताव लिहितो. तो वरिष्ठांकडून राज्याच्या गृहखात्यात, तिथून केंद्रीय गृह मंत्रालयात, तिथून परदेशी न्याय खात्यात, तिथून तिकडच्या न्यायालयात आणि मग डेटा बाळगणाऱ्या कंपनीकडे जातो. उत्तर त्याच वाटेने उलटे येते. अमेरिकेच्या अध्यक्षीय समितीनेच २०१३ मध्ये कबूल केले होते की अशा विनंतीला त्यांच्याकडे सरासरी दहा महिने लागतात. चोरीचा पैसा दहा मिनिटांत चार भाड्याच्या खात्यांतून फिरून क्रिप्टोत गेलेला असतो.

गंमत अशी की तारायंत्राच्या काळात जगाने हा प्रश्न ओळखला होता. तेव्हा तार सीमेपाशी थांबे, कागदावर उतरवून पलीकडच्या कारकुनाच्या हाती दिली जाई आणि तो ती पुन्हा पाठवी. या खुळेपणाला कंटाळून १८६५ मध्ये वीस देश पॅरिसमध्ये एकत्र आले आणि आजची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना जन्मली. १८६९ पासून भारत तिचा सदस्य आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे मानके ठरवणारे जागतिक अधिवेशन दिल्लीत भरले, आशिया-प्रशांत भागात पहिल्यांदाच. झगमगाट झाला, भाषणे झाली. त्याच महिन्यात दूरसंचार खात्याने परदेशातून येऊन ‘+९१’ असा भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल रोखणारी यंत्रणा सुरू केली आणि पहिल्या चोवीस तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले. एका दिवसात! तोवर किती वर्षे हा पूर वाहत होता, याचे उत्तर कोणी मागितले नाही.

हे कॉल शिरतात कसे? फोनच्या जाळ्यांनी एकमेकांशी बोलायची जुनी पद्धत १९७० च्या दशकातली, तार खाती सरकारी होती आणि एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवत होती तेव्हाची. पलीकडचे जाळे सांगेल तो नंबर खरा मानायचा. आज त्या जाळ्यात शिरायची वाट कोणीही भाड्याने घेतो. दारे आपण आपली कितीही लावली तरी ठग व्हॉट्सअॅपवर सरकतात, नाहीतर शेकडो सिमकार्डे खुपसलेला सिमबॉक्स इथेच एखाद्या खोलीत ठेवून परदेशी कॉल गावचा करून टाकतात. नंबरची खातरजमा कॉल जिथून निघतो तिथे व्हायला हवी, आणि ती आपल्या हुकमाने होणार नाही, कराराने होईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने म्यावाडीची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडले. ठगांनी छपरांवर उपग्रहाच्या तबकड्या लावल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उपग्रह-इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकने तिथली अडीच हजारांहून अधिक यंत्रे बंद केली, तीही प्रचंड ओरड झाल्यावर. सार्वभौमत्वाचा जप करणाऱ्यांनी सांगावे, म्यानमारवरच्या आकाशात त्यांचे कोणते कलम चालते?

सरकारला मात्र एकच औषध ठाऊक : आपल्याच नागरिकावर नजर. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अॅप सक्तीने घालण्याचा आदेश निघाला आणि गदारोळ होताच काही दिवसांत मागे घेतला गेला. चोर म्यावाडीत आणि झडती दादरच्या माणसाच्या खिशाची!

आणि इथेच मूळ रोग आहे. अमेरिकेने २०१८ च्या ‘क्लाउड’ कायद्याने दहा महिन्यांची वाट टाळण्याचा मार्ग खुला केला. परदेशी पोलिसांनी थेट कंपनीकडे पुरावा मागावा, पण त्या देशाच्या कायद्यात नागरिकाच्या खासगीपणाला भक्कम संरक्षण हवे. ब्रिटनने असा करार केला, ऑस्ट्रेलियाने केला. भारत कोणत्या तोंडाने मागणार? आमच्याकडे फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिव देतो, आदेश तपासणारी समितीही सचिवांची. न्यायाधीश कुठेच नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला तो सरकारी यंत्रणांना हवी तेव्हा सूट देण्याची तरतूद घेऊनच. ज्या पोलिसांवर घरचे न्यायालय लक्ष ठेवत नाही त्यांच्या हाती परक्या देशाने पुरावा का द्यावा? नागरी स्वातंत्र्य हा तपासातला अडसर आहे असे आमच्या गृहखात्याला वाटते. वस्तुतः वेस ओलांडण्याचा परवाना तोच आहे, आणि तो आपण आपल्या हाताने फाडून टाकला आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. फोन ऐकणे आणि डेटा मागवणे न्यायाधीशाच्या लेखी आदेशाशिवाय होणार नाही असा कायदा करा. डेटा संरक्षण कायद्यातली सरकारी पळवाट बुजवा. मग त्या बळावर अमेरिकेशी थेट करार मागा, आणि हनोईच्या करारावर सही करताना राजकीय गुन्ह्यांसाठी तो वापरणार नाही असे लेखी नोंदवा. नवी मुंबईतल्या महापे येथे ८३७ कोटींचा सायबर प्रकल्प उभारणाऱ्या महाराष्ट्र सरकारने केंद्राला विचारावे की एवढी यंत्रे घेतलेल्या आमच्या अधिकाऱ्याने परदेशातला एक आयपी पत्ता मिळवायला वर्षभर वाट का पाहावी? आणि लोकसभेतल्या महाराष्ट्राच्या ४८ खासदारांनी येत्या अधिवेशनात गृहमंत्र्यांकडून राज्यवार तक्ता मागवावा : परदेशांकडे पाठवलेल्या विनंत्या किती, उत्तर आलेल्या किती, आणि प्रत्येकीला लागलेले दिवस किती.