दहा वाघांचे बळ

मुलांच्या चित्रकथा हा टीकेस अपात्र विषय होय, अशी पुष्कळ सुज्ञांची समजूत असते. ती आम्हांस मान्य नाही. जे वाङ्मय बालमनावर शौर्याची पहिली छाप पाडते, त्याची पारखही काटेकोरपणेच व्हावयास हवी.

1964 साली मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ते 1990 पर्यंत चालले. त्याची मराठी आवृत्तीही निघत असे. तिच्यातून ली फॉक यांचे जादूगार मँड्रेक (1934) व फँटम (1936), तसाच अ‍ॅलेक्स रेमंड यांचा आकाशवीर फ्लॅश गॉर्डन (1934), हे परदेशी वीर मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले.

पुढे 1986 साली अमेरिकेत या तिघांस एकत्र आणणारी 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' नावाची 65 भागांची चित्रमालिका निघाली, आणि 1987 मध्ये तिच्यावरून चार अंकांचे कॉमिकही निघाले. कथेचा काळ 2015 हा कल्पिला होता. मोंगो ग्रहाचा क्रूर सम्राट मिंग पृथ्वी जिंकू पाहतो, आणि मँड्रेकचा सोबती लोथार यास घेऊन हे वीर त्याला अडवितात. नुसती कल्पना ऐकूनच मन उचंबळावे! परंतु पदरी पडते ती निराशा.

तिचे कारण फँटमच्या ठायी स्पष्ट दिसते. मूळ कथेत तो हाडामांसाचा मनुष्य आहे. पिता मरतो, पुत्र तोच वेष चढवितो, आणि लोक समजतात की हा पुरुष अमरच आहे. ते अमरत्व देहाचे नव्हे, घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या व्रताचे होय. या मालिकेत मात्र तो जंगलाची आण घालून दहा वाघांचे बळ अंगी आणतो. बळ असे मागताच मिळू लागले, म्हणजे सावधपणा, कसरत व धैर्य यांची किंमत ती काय उरली? शत्रू विश्वाएवढा कल्पिला, त्याच्यापुढे साधा मनुष्य उणा वाटू लागला, म्हणून मनुष्याचाच देव करून टाकला. संकट फुगविले की वीरही फुगवावा लागतो, आणि त्यात दोघेही पोकळ होतात.

संकटाची पोकळी पाहावयाची असेल, तर आम्हां देऊळगाव राजाच्या रहिवाशांस दूर जाणे नको. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे आकाशातून एकदाच आघात झाला, आणि त्याने काळ्या पाषाणात पाडलेले सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवर हजारो वर्षे लोटली तरी बुजले नाही. मिंग मात्र पुनःपुन्हा चालून येतो, हरतो, आणि पुढल्या भागात नव्याने उभा राहतो. ज्या आघाताची खूण उरत नाही, त्याचे भय तरी कोणास वाटावे?

कोणी म्हणेल, अनेक थोर एका ठिकाणी आणले की असे व्हावयाचेच. आम्ही त्यास 8 जुलै 1921 ची आठवण देऊ. त्या दिवशी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर झाले व बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन धुरंधर गायक. परंतु प्रत्येकाच्या वाट्यास त्याला साजेल तेच काम आले. एकाचा गुण दुसऱ्यासाठी मोडला नाही, म्हणूनच तो प्रयोग आजही नावाजला जातो.

एकी म्हणजे सरमिसळ नव्हे. प्रत्येकाची मर्यादा राखून जी जोडणी होते, तीच टिकते. तस्मात् विद्यार्थिबंधूंनो, वीरांच्या असल्या मेळाव्याहून एकट्या फँटमची एखादी जुनी कथा हाती आली, तर ती आधी वाचा. तेथे दहा वाघांचे बळ नाही. एका मनुष्याचे आहे, आणि ते आपणांस कमाविता येण्याजोगे आहे.