हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

वसाहतवादाचे उघड समर्थन करण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. म्हणून त्याचे कैवारी साम्राज्याविषयी बोलत नाहीत, माणसाविषयी बोलतात. खंदकांत चार वर्षे काढलेला, छातीवर पदके आणि फुप्फुसांत विषारी वायू घेऊन परतलेला, बायकोमुलांसह दूरदेशी नांगर धरायला निघालेला निवृत्त सैनिक ते पुढे उभा करतात आणि विचारतात, या बापड्याने कोणाचे काय वाईट केले होते? प्रश्न भावनेला हात घालणारा आहे. समाजवाद्यांनी तो टाळू नये. करुणेच्या आडोशाला उभा असलेला अन्याय उघड्या अन्यायापेक्षा अधिक काळ टिकतो, हा इतिहासाचा अनुभव आहे आणि केनियाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले. वीरांना राहण्याजोगा देश घडवू, असे आश्वासन पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी ब्रिटिश जनतेला दिले होते. प्रत्यक्षात १९२१ च्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली. मायदेशात काही सैनिकांच्या वाट्याला जमिनीचे छोटे तुकडे आले, परंतु जमीनमालकीची मूळ चौकट सरकारने मोडली नाही. उलट १९१९ ते १९२२ या काळात माजी सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना साम्राज्यातील प्रदेशांत जाण्यासाठी फुकट प्रवासाची सोय केली आणि ऐंशी हजारांहून अधिक माणसे देशाबाहेर धाडली. रणांगणातून शस्त्र चालवायला शिकून आलेला बेकार तरुण लंडनच्या रस्त्यावर उभा राहण्यापेक्षा आफ्रिकेच्या माळावर उभा राहिलेला राज्यकर्त्यांना सोयीचा होता. घरातील वर्गसंघर्षाची वाफ बाहेर सोडण्याची ही झडप होती.

याच धोरणाचे एक अंग म्हणजे ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील, म्हणजे १९२० पासून केनिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीतील, १९१९ ची सैनिक वसाहत योजना. उंच पठारावरील हजाराहून अधिक शेते, एकूण वीस लाख एकरांहून अधिक जमीन, माजी सैनिकांना वाटण्यासाठी काढली गेली. नैरोबीतील एका नाट्यगृहाच्या रंगमंचावर सोडत झाली, लंडनमध्येही झाली. चिठ्ठी निघाली की शेत मिळाले! पात्रतेची अट साधी होती. अर्जदार युरोपीय वंशाचा असला पाहिजे. शेतीत घालायला भांडवलही हवे होते, त्यामुळे गरीब शिपायाच्या नावाने निघालेल्या या योजनेचा लाभ मुख्यतः अधिकारीवर्गालाच मिळाला. खंदकातला खाणकामगार आणि गिरणीकामगार हात चोळीतच राहिला. करुणा शिपायाची आणि जमीन कप्तानाची, असा हा व्यवहार होता.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहावा. पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर आफ्रिकी माणूसही लढला होता, आणि लढणाऱ्यांच्या कितीतरी पट अधिक माणसे ओझी वाहत होती. खेड्याखेड्यांतून सक्तीने उचललेले हे हमाल उपासमार, हगवण आणि मलेरिया यांनी मेले. एकट्या ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतून गेलेल्या हमालांपैकी चाळीस हजारांहून अधिक परतले नाहीत. नैरोबीतील ‘करिओकोर’ ही वस्ती या हमालदलाचे इंग्रजी नाव स्थानिक जिभेवर घोळवत आजही उभी आहे. त्यांच्यासाठी सोडत निघाली नाही. भारतातूनही १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई बंदरातून फौज निघाली आणि नोव्हेंबरमध्ये टांगाच्या किनाऱ्यावर पराभूत झाली. तिच्यातील हिंदी शिपायालाही त्या पठारावर एक एकर मिळण्याची सोय नव्हती. युद्धातील शौर्य हा जमिनीचा आधार असता, तर यादी वेगळी झाली असती. आधार कातडीचा होता.

जमीन रिकामी होती, हा पुढचा बचाव. ती रिकामी नव्हती, रिकामी केली गेली होती. लायकिपियाच्या कुरणांतून मसाईंना १९११ च्या करारानंतर हुसकावले गेले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, तेव्हा हा परक्या सत्तेशी झालेला तह आहे, आमच्या अखत्यारीतला प्रश्न नव्हे, असे १९१३ मध्ये त्यांना ऐकविण्यात आले. नांदी लोकांचा नेता कोइतालेल १९०५ मध्ये वाटाघाटीच्या वेळीच एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला. त्यांच्या उरलेल्या राखीव प्रदेशातूनही १९२० मध्ये सुमारे शंभर चौरस मैल या सैनिकांसाठी कापून घेतले गेले. १९१५ च्या कायद्याने गोऱ्यांना ९९९ वर्षांचा पट्टा देऊ केला, आणि १९२१ च्या निकालाने आफ्रिकी माणूस राजाच्या मर्जीवर राहणारे कूळ ठरला. एकाला हजार वर्षांची हमी आणि दुसऱ्याला उद्याचीही नाही! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची म्हण मराठीत आहे. येथे तर हलवायालाच घराबाहेर काढून तुळशीपत्र ठेवले गेले.

त्याने घाम गाळून ओसाड जमीन पिकती केली, असे म्हणतात. घाम कोणाचा? गव्हर्नर नॉर्दी हे स्वतः सेनानी होते. १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या राजवटीने परिपत्रक काढून गोऱ्यांच्या मळ्यांवर मजूर धाडण्यासाठी गावप्रमुखांवर दबाव आणण्यास अधिकाऱ्यांना सांगितले. आफ्रिकी पुरुषाच्या गळ्यात धातूच्या डबीत घातलेला ‘किपांडे’ हा ओळखदाखला अडकविला गेला. त्याशिवाय फिरणे आणि मालकाला न विचारता काम सोडणे गुन्हा ठरला. झोपडीपट्टी वाढविली गेली, कारण ती भरण्यासाठी मजुरी करावीच लागे. अरेबिका कॉफी लावण्यास आफ्रिकी शेतकऱ्याला १९३० च्या दशकापर्यंत बंदी होती, कारण तो स्वतःच्या शेतात नगदी पीक घेऊ लागला तर गोऱ्याच्या मळ्यावर कोण राबणार? नांगर सैनिकाच्या नावाचा होता, जू दुसऱ्याच्या मानेवर होते.

१९२०-२१ मध्ये शेतमालाचे भाव कोसळताच मळेवाल्यांनी १९२१ मध्ये आफ्रिकी मजुरांचे वेतन एक तृतीयांशाने कापण्याचा घाट घातला. त्याविरुद्ध हॅरी थुकू या तरुणाने संघटना उभारली. १९२२ च्या मार्चमध्ये त्याला अटक झाली आणि त्याच्या सुटकेसाठी जमलेल्या जमावावर नैरोबीत गोळीबार झाला. सरकारी आकड्यानुसारही किमान २१ माणसे ठार झाली. कचरणाऱ्या पुरुषांना धिक्कारीत पुढे सरसावलेली मुथोनी न्यांजिरू ही स्त्री त्यांत होती.

आणि त्या सैनिकाचे शेवटी काय झाले? केरिचो भागात जायबंदी अधिकाऱ्यांसाठी जवसाच्या धाग्याची एक वसाहत काढली होती. धाग्याचा भाव पडला आणि वसाहत बुडाली. जमीन मात्र किप्सिगिस लोकांकडे परतली नाही. १९२४-२५ च्या सुमारास त्या टापूत बड्या चहा कंपन्या आल्या, त्यांत ब्रुक बाँडही होती. वीराच्या नावाने घेतलेली जमीन भांडवलदाराच्या ताब्यात गेली, आणि वीर व मूळ मालक दोघेही बाहेर राहिले.

या ठिकाणी मराठी वाचकाने स्वतःच्या परंपरेकडेही निर्भयपणे पाहिले पाहिजे. करारबद्ध मजुरीविरुद्ध १९१० व १९१२ मध्ये कायदेमंडळात झुंजलेल्या नामदार गोखल्यांनी १९१५ मध्ये, मृत्यूपूर्वी, राजकीय सुधारणांचा जो अखेरचा मसुदा लिहिला, त्यात जर्मन पूर्व आफ्रिका जिंकली गेल्यास ती हिंदी लोकांच्या वसाहतीसाठी राखून हिंदुस्थान सरकारकडे सोपवावी, अशी मागणी होती. जर्मनांविरुद्धच्या माजी माजी उठावात त्याच भूमीवर हजारो आफ्रिकी मारले गेले होते, त्याला जेमतेम आठ वर्षे झाली होती. गोखल्यांसारख्या न्यायबुद्धीच्या पुरुषालाही ती भूमी कोणाची, हा प्रश्न त्या ओळीपुरता सुचला नाही. १९२३ च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेने पठार गोऱ्यांसाठीच राखले, तेव्हा हिंदी नेत्यांचा संताप समतेसाठी होता, पण तो बहुतांशी गोऱ्यांशी समतेसाठी होता. नैरोबीत थुकूच्या पाठीशी उभे राहिलेले मणिलाल देसाई यांच्यासारखे लोक थोडे होते. हे सांगण्यात गोखल्यांचा अवमान नाही. वसाहतवादाचे विष पीडितांच्या विचारातही किती खोल झिरपते, याची ती खूण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच खेळ पुन्हा मांडला गेला. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून परतलेला वारुहिउ इतोते रेल्वेत नोकरीला लागला, आणि गोऱ्या माजी सैनिकांसाठी नवी वसाहत योजना सुरू झाली. इतोते पुढे ‘जनरल चायना’ या नावाने माउ माउ लढ्यात उतरला. १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. हजाराहून अधिक माणसांना फाशी दिले गेले, लाखोंना छावण्यांत व तारांच्या कुंपणातील गावांत कोंडले गेले. १९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा गोऱ्यांची शेते कर्ज काढून विकत घ्यावी लागली. लुटलेली वस्तू तिच्याच मालकाला हप्त्याने विकण्याचा हा न्याय! छळाची भरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने पाच हजारांवर वृद्धांना रक्कम देण्याचे मान्य केले, ते २०१३ मध्ये.

तेव्हा त्या सैनिकाने कोणाचे काय वाईट केले, या प्रश्नाचे उत्तर असे आहे. त्याचा हक्क खरा होता, पण तो स्वतःच्या देशातील जमीनदार आणि कारखानदार यांच्यावर होता. त्यांनी आपले देणे नांदी आणि मसाई यांच्या खात्यावर टाकले, आणि त्याने ते निमूटपणे स्वीकारले. तेथेच तो पीडिताच्या पंक्तीतून उठून पीडकाच्या पंक्तीत बसला. निवृत्त सैनिक, निर्वासित, भूमिहीन यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न जेथे जेथे येईल, तेथे समाजवादी कार्यकर्त्याने हक्क मागणाऱ्याचे दुःख तर मोजावेच, पण सातबाऱ्यावर आधी कोणाचे नाव होते आणि ते कोणी खोडले, हेही विचारावे. हा दुसरा प्रश्न न विचारता केलेली करुणा अखेर मळेवाल्याच्याच कामी येते.