क्रियापद उचला, पुढे आणा

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी इंदापूरहून बारामतीला कॉलेजला जाणाऱ्या मुली आम्हाला सांगतात, शब्द येतात, वाक्य जुळत नाही. मग वर्गात गप्प बसतो.

अडचण सकाळच्या चहातच सापडते. 'अम्मी चहा करते.' घरात दखनी बोललो तरी 'अम्मी चाय बनाती'. दोन्हीकडे क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येतं: 'अम्मी मेक्स टी.'

'फातिमा सलमाला उठवते' म्हणा की 'सलमाला फातिमा उठवते', उठते सलमाच. 'ला' सांभाळून घेतो. इंग्रजीत तसा 'ला' नाही. 'फातिमा वेक्स सलमा' हे उलटं केलं, की सलमाच फातिमाला उठवू लागते. (आमच्या घरी असं अजून घडलेलं नाही!)

लांब वाक्यात मुली जास्त अडतात. 'मी सकाळी सात वाजता एसटीने बारामतीला जाते.' 'मी' जागेवर ठेवा आणि बाकीचं शेवटाकडून एकेक उचला: जाते, बारामतीला, एसटीने, सकाळी सात वाजता. झालं: 'आय गो टू बारामती बाय बस ॲट सेव्हन इन द मॉर्निंग.' प्रत्येक वाक्य इतकं सरळ उलटत नाही, पण सुरुवातीला ही युक्ती पुरते.

ज्या अम्मींना इंग्रजी येत नाही, त्यांनीही मुलांजवळ बसावं. क्रियापद कर्त्यामागोमाग आलं की नाही, एवढं कानाला कळतं. उद्यासाठी एक वाक्य: 'अब्बू फजरनंतर अंगणात पेपर वाचतात.'