सीएची पुस्तकं आणि नोट्सचा डोंगर

मंडळी, हल्ली आपल्यापैकी बऱ्याच घरांत कुणी ना कुणी सीए करतंय. आणि त्याच्या टेबलावर हा डोंगर! एका क्लासच्या नोट्स, दुसऱ्याचं गाइड, वर मोठ्या भावाची जुनी पुस्तकं.

स्पष्टच बोलतो. परीक्षा घेणारी आयसीएआय आपलं अभ्यास-साहित्य स्वतःच काढते. जुने पेपर उत्तरांसकट, आरटीपी, सराव पेपर... सगळं संकेतस्थळावर फुकट. फुकट म्हणूनच बहुधा किंमत नाही!

"पण त्यातली भाषा जड आहे हो, सर!" असू दे. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठीत नाहीच. मराठी माध्यमातल्या मुलाला तर तीच भाषा कमवायची आहे. फाउंडेशनला अकाउंटिंग आणि कायद्याच्या पेपरांत उत्तरं लिहावी लागतात. चार ओळींच्या नोट्स घोकलेलं पोर तिथे नियम लिहितं, कारण लिहू शकत नाही. सोपं करून देणारा त्याचं वाक्यच काढून घेतो.

भावाची पुस्तकंही नकोत. २०२३ साली अभ्यासक्रम बदलला. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली, लागू १ एप्रिल २०२६ पासून. आपल्या परीक्षेला काय लागू, ते संस्थाच जाहीर करते.

क्लास जरूर लावा, शंका विचारायला शिक्षक हवाच. पण पुस्तक एकच धरा, तीनदा वाचा, मग घड्याळ लावून जुना पेपर सोडवा. आणि पालकहो, चौथा संच विकत घेण्याआधी पहिल्याची पानं उलटलेली दिसतात का, तेवढं बघा.